नावं विसरली, तरी नाम आठवतं

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई सुनेचं नाव विसरल्या. जेवून उठल्या तरी ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणायच्या. एकदा त्यांनी देवासमोरचं कुंकू दुधात कालवलं, तेव्हापासून घरच्यांनी त्यांना देवघरात जाऊ देणं बंद केलं. झालं भलतंच. रोज दिवेलागणीला म्हातारी उंबऱ्यात येऊन रडायला लागली. ताई बैठकीत म्हणाल्या, “सगळं विसरल्या, मग देवाचं तरी त्यांना काय कळतंय?”

कळतं, बायांनो. म्हणूनच हा लेख.

हा म्हातारचळ नाही

आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतो. पण चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं आणि रोजच्या वाटेवर हरवणं, घरच्यांना न ओळखणं वेगळं. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज आहे.

हे ‘बाहेरचं’ नाही, करणी नाही. अंगाऱ्यात वेळ घालवू नका, आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल किंवा थायरॉईडचा त्रास असेल, तरी विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं.

नाम का आठवतं?

या आजारात बहुतेक वेळा नवं आधी जातं, जुनं मागं राहतं. सकाळचं जेवण आठवत नाही, पण लहानपणापासून चालीवर म्हटलेला हरिपाठ, आरती, जात्यावरची ओवी बराच काळ टिकते. हातांनाही सवय असते. वात वळायला सांगा, बोटं आपोआप चालतात.

आणि भक्ती म्हणजे नुसतं पाठांतर नाही. ‘माझं कुणीतरी आहे, मी अजून उपयोगाची आहे’ ही भावना त्यात असते. शब्द गेले तरी ती भूक जात नाही.

घरी काय करता येईल?

*वेळ सांभाळा.* या आजारात संध्याकाळी जीव जास्त घाबरा होतो. तीच आपली दिवेलागणीची वेळ. रोज त्याच वेळी, त्याच जागी शेजारी बसवा, हात जोडा, एखादी ओळ म्हणा. पाच-दहा मिनिटं पुरतात.

*हाताला काम द्या.* फुलं निवडणं, तुळशीला पाणी घालणं, टाळ धरणं. चुकलं तर चुकू द्या. देव रागवत नाही, आपणही रागवू नये.

*परीक्षा घेऊ नका.* ‘पुढचं आठवतंय का?’ असं विचारलं की त्या खजील होतात. आपण सुरुवात करावी, त्या मागून येतील. नाही आल्या तरी ऐकतात.

*वाद घालू नका.* ‘वारीला जायचंय’ म्हणाल्या, तर ‘आता कुठली वारी!’ म्हणू नका. ‘वारीला जाताना शिदोरीत काय न्यायचात?’ असं विचारा. ‘देवानं मला शिक्षा केली’ म्हणाल्या तर समजूत घालत बसू नका, हात हातात घ्या.

*ज्याची श्रद्धा त्याची.* कुणाची बुद्धवंदना असेल, कुणाची नमाज, कुणाची येशूची प्रार्थना. त्या माणसानं आयुष्यभर जे केलं तेच द्या. ज्यांनी कधी देवदेव केलं नाही त्यांच्यावर लादू नका. त्यांना शेताच्या बांधावर किंवा नातवाजवळ बसून शांत वाटत असेल, तर तेच करा.

एवढं जपा

पेटतं निरांजन त्यांच्या हाती एकट्यानं देऊ नका. कुंकू, कापूर हाताशी ठेवू नका, तोंडात जाऊ शकतं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको. जत्रेची गर्दी आणि लाउडस्पीकर टाळा. सकाळी देऊळ रिकामं असताना न्या.

गटानं काय करावं?

अशी माणसं घरात आली की घरातली सूनही बाहेर पडत नाही. तिचं भजन सुटतं, बैठक सुटते. तिलाही मन मोकळं करायला जागा लागते. म्हणून दोन गोष्टी ठरवूया. आठवड्यातून एकदा चार-पाच जणींनी त्या घरच्या ओट्यावर पंधरा मिनिटं भजन म्हणायचं. आणि पाळीपाळीनं एकीनं आजींजवळ दोन तास बसायचं, म्हणजे सुनेला बाहेर पडता येईल.

ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६ हे नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

त्या ताईंनी आता सासूबाईंना वाती वळायचं काम दिलंय. दिवा ताई लावतात, वात आजींची असते. सुनेचं नाव आजींना अजूनही आठवत नाही. पण दिवा लागला की त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवतात.

पुढच्या बैठकीत आपल्या वस्तीत असं कोण आहे, याची नावं काढा.