भार वाटणारी, डोल आवरणारी हिच

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात लॅरमी ते रॉलिन्स या टप्प्यात इंटरस्टेट ८० उघड्या माळावरून जातो. आडवा वारा या रस्त्याच्या पाचवीला पुजलेला. समजा, पिकअप ट्रकच्या मागे आठ मीटर लांबीचा ट्रॅव्हल ट्रेलर जोडून एक कुटुंब इथून निघालं आहे आणि मागून एक अठरा चाकी ट्रक त्यांना ओलांडायला येतो. त्याच्या नाकाशी दाबलेली हवा आधी ट्रेलरचं मागचं टोक बाहेर ढकलते. ट्रक पुढे सरकला की ट्रेलर त्याच्याकडे खेचला जातो. जोडणी नीट असेल तर ट्रेलर एकदा हलतो आणि सरळ होतो. नसेल तर मागचं टोक डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जास्त डावीकडे जाऊ लागतं. काही सेकंदांत ओढणारा कोण आणि ओढला जाणारा कोण, हेच उलटं होतं.

हे होऊ नये यासाठी दोन गाड्यांच्या मध्ये जे पोलादी अवजार बसवतात त्याला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणतात. बहुतेक हिचमध्ये डोल आवरण्याची सोयही असते. या अवजाराची कामं दोन आहेत, भार वाटणं आणि डोल म्हणजे ट्रेलरचे हेलकावे आवरणं, आणि ती वेगवेगळी आहेत. विकत घेताना होणाऱ्या बहुतेक गफलती ही दोन कामं एकच समजल्यामुळे होतात.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. वॉली बायम यांनी १९३६ मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला, त्याच्या आधीपासून अमेरिकन माणूस मोटारीमागे घर जोडून फिरतो आहे. आज या धंद्याची राजधानी इंडियाना राज्यातलं एल्खार्ट. ‘रीस’ या हिचच्या जुन्या नावाचं मूळही तिथलंच. या सगळ्या काळात ट्रेलर लांब आणि जड होत गेले, पण जोडणीचा गाभा तोच राहिला: ट्रकच्या मागे एक पोलादी गोळा, म्हणजे बॉल, आणि त्यावर बसणारी ट्रेलरची दांडी.

ही दांडी बॉलवर किती दाबते, त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा असा दंडक आहे. बैलगाडी मागे जड भरली की ती उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रेलर उलाळ भरला की दांडी हलकी होते, आणि हलक्या दांडीचा ट्रेलर रस्त्यावर डोलायला टपलेलाच असतो.

म्हणून दांडी जड हवी. पण जड दांडीची वेगळी अडचण आहे. बॉल ट्रकच्या मागच्या आसाच्या बराच मागे असतो, म्हणजे सगळा मामला तरफेचा होतो. उदाहरण घेऊ. भरलेला ट्रेलर ३,२०० किलोचा आहे आणि दांडीवर ४०० किलो, म्हणजे साडेबारा टक्के भार आहे. ट्रकच्या दोन आसांमधलं अंतर ३.७५ मीटर, आणि बॉल मागच्या आसापासून १.५ मीटर मागे. तरफेच्या हिशेबाने पुढच्या चाकांवरचा १६० किलो भार उचलला जातो आणि मागच्या आसावर ४०० ऐवजी ५६० किलो वाढतात. ट्रकचं बूड बसतं, नाक वर जातं. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. सगळ्यात वाईट म्हणजे, जी चाकं वळवायची आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा वाटा, तीच रस्त्यावरची पकड सैल करतात.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ही तरफ उलटी फिरवते. बॉल ज्या पोलादी डोक्यावर बसतो, त्याच्या खालून दोन जाड स्प्रिंग बार निघतात आणि ट्रेलरच्या दांडीला समांतर मागे जातात. त्यांची मागची टोकं साखळीने वर ओढून किंवा दांडीवरच्या ब्रॅकेटवर चढवून ताणतात. बार धनुष्यासारखे वाकतात आणि सरळ व्हायला धडपडतात. त्या धडपडीतून ट्रकचं बूड उचललं जातं, नाक खाली येतं आणि थोडा भार ट्रेलरच्या चाकांवर जातो. वरच्या उदाहरणात पुढच्या आसाचं गेलेलं निम्मं वजन, ८० किलो, परत आणायचं ठरवलं आणि बॉलपासून ट्रेलरच्या आसांचा मध्य साडेपाच मीटरवर असेल, तर ट्रेलरच्या चाकांवर सुमारे ४३ किलो जातात आणि मागच्या आसावर ५६० ऐवजी साधारण ४३७ किलो राहतात. एकूण वजन एक किलोनेही कमी झालेलं नसतं. फक्त वाटणी बदललेली असते.

किती परत आणायचं? पूर्वी ट्रकचं पुढचं आणि मागचं टोक सारखं बसेपर्यंत बार ताणत. आता अनेक ट्रक-उत्पादक आपल्या पुस्तिकेत पुढच्या आसाचा गेलेला भार निम्म्याच्या आसपास परत आणायला सांगतात, काही वेगळा आकडा देतात. गरजेपेक्षा जास्त ताणलं तर मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि वळणावर ट्रकचं बूड निसटू शकतं. म्हणून शेजाऱ्याने काय केलं हे विचारू नका, आपल्या गाडीची पुस्तिका उघडा.

आता दुसरं काम, डोल. प्रत्येक ट्रक-ट्रेलर जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली हेलकावा आपोआप विरतो, त्याच्या वर तो आपोआप वाढतो. दांडी हलकी असली, जड सामान दोन टोकांना विभागलेलं असलं, ट्रकच्या टायरमध्ये हवा कमी असली, ट्रक आखूड असला किंवा बॉल मागच्या आसापासून फार लांब असला, की हा धोक्याचा वेग खाली येतो. हिच हा वेग वर ढकलू शकते, नाहीसा करू शकत नाही.

डोल आवरायच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली, घर्षणाची सुटी दांडी: एका बाजूला लावलेली सरकती पट्टी, जिला ब्रेक लायनिंगसारखं अस्तर पकडून धरतं. स्वस्त आणि लहान ट्रेलरला पुरेशी, पण ट्रेलर मागे घेताना ती काढावी लागते आणि ओल्या, निसरड्या रस्त्यावर सैल करावी लागते. दुसरी, बारमध्येच बसवलेली: ‘इक्वलायझर’मध्ये बार ब्रॅकेटवर घासतात आणि डोक्यातही घर्षण असतं; रीसच्या ड्युअल कॅममध्ये बारची टोकं कॅमवर बसतात आणि ट्रेलरला सरळ रेषेत परत खेचतात. या हिच ठेवून मागे जाता येतं. पार्किंगमध्ये वळताना त्या करकरतात, तो आवाज बहुधा घर्षण काम करत असल्याचा असतो.

तिसरी तऱ्हा विचारानेच वेगळी. जिम हेन्स्ली यांनी आखलेल्या हेन्स्ली ॲरो आणि त्यानंतरच्या प्रोप्राइड या हिचमध्ये बॉलभोवती चार दांड्यांची साखळी असते. ट्रेलर बाजूला ढकलला गेला की ही साखळी त्याचा फिरण्याचा बिंदू ट्रकच्या मागच्या आसाकडे पुढे नेऊन ठेवते. बॉल मागेच असतो, पण ट्रेलरला वाटतं आपण ट्रकच्या चाकांपाशी जोडलेलो आहोत. घर्षणाच्या हिच सुरू झालेला डोल दाबतात. ही रचना तो सुरूच होऊ देत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. साध्या हिच काही शे डॉलर्समध्ये येतात, या हजारांत जातात. वजनाने जड, आणि जोडताना ट्रक अचूक सरळ आणावा लागतो. आठ-नऊ मीटरचा ट्रेलर आखूड एसयूव्हीमागे ओढायचा असेल तर हा पैसा कारणी लागतो. छोट्या ट्रेलरला त्याची गरज नसते.

युरोपात मात्र चित्र निराळं आहे. तिथे कॅरॅव्हॅन हलके, दांडीवरचा भार कमी, म्हणून बार लागत नाहीत. बॉलला चिमट्यात धरणारे घर्षणाचे स्टॅबिलायझर पुरतात. पण जर्मनीत ट्रेलर ओढताना वेगमर्यादा साधारणपणे ताशी ८० किलोमीटर असते, खास परवाना असेल तर १००. हलकी दांडी तिथे चालते याचं एक कारण हा संथ वेग आहे. अमेरिकेतही कॅलिफोर्नियात ट्रेलरला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

निवडीचा क्रम असा असावा. आधी ट्रकचा दरवाजा उघडून पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. दांडीचा भार आणि हिचचं स्वतःचं वजन त्यातूनच वजा होतं. स्टिकरवर ६८० किलो असतील, दांडी ४०० आणि हिच ४५ किलोची असेल, तर चार माणसं, कुत्रा आणि सामानाला उरतात २३५. कित्येक जोड्या इथेच नापास होतात. मग बॉल माउंट ज्यात बसतो त्या रिसीव्हरवरचं लेबल वाचा. साध्या जोडणीला आणि बारच्या जोडणीला तिथे वेगवेगळे आकडे असतात. त्यानंतर बारची क्षमता, जी ६००, १,०००, १,२०० पौंड अशा पायऱ्यांत मिळते. ट्रेलरच्या माहितीपत्रकातला दांडीचा आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. पाणी, भांडीकुंडी, खाणंपिणं त्यात धरलेलं नसतं. बार भरलेल्या दांडीला साजेसा हवा. कमजोर बार भार उचलत नाही, फार ताठ बार चौकटीला आणि प्रवाशांना हादरे देतो. डोल आवरण्याची तऱ्हा सगळ्यात शेवटी ठरवा.

आणि हे सगळे आकडे वजनकाट्यावर मिळतात. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं एकाच पावतीवर वेगवेगळी छापून येतात. ट्रेलर प्रवासाला निघताना भरतात तसा भरा. एकदा बार ताणून, एकदा बार सोडून आणि एकदा ट्रेलर उतरवून नुसत्या ट्रकचं वजन करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या दोन्ही आसांच्या बेरजांमधला फरक म्हणजे तुमची खरी दांडी. पहिल्या पावतीवरून कळतं, बार पुढच्या चाकांना किती परत देतात. कमी पडलं तर डोक्याचा कोन मागे झुकवा किंवा साखळीची एक कडी वर घ्या. बार चढवताना ट्रेलरच्या जॅकने दांडी आणि ट्रकचं बूड दोन्ही उचलून घ्या, म्हणजे ताणलेला बार हातातून सुटून पायावर येणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता ट्रेलर घ्यायचा विचार होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना यलोस्टोन दाखवायचं, आई-वडील भारतातून आलेले असतील तर त्यांना आपल्या हातचं जेवण रस्त्यातही मिळावं, असा साधा हेतू असतो. दुकानदार महाग हिच दाखवेल, आणि ती कदाचित चांगलीही असेल. पण मागच्या बंपरवर चार सायकली टांगून उलाळ केलेला ट्रेलर कुठलीच हिच सरळ ठेवत नाही. जड सामान आसांच्या आसपास आणि जरा पुढे ठेवा, टायरची हवा दर सकाळी तपासा, वेग ताशी १०० किलोमीटरच्या आत ठेवा. तरीही ट्रेलर डोलायला लागलाच, तर ट्रकचा ब्रेक करकचून दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ट्रेलरचेच ब्रेक हाताने लावा. त्या ब्रेक कंट्रोलरचं बटण कुठे आहे हे निघण्याआधी बोटांना पाठ असू द्या. हिच घेण्याच्या आधी वजनकाट्यावर जा. तिथे मिळालेले आकडे हातात असले की कोणती हिच घ्यायची, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.