हरवलेल्या गावाचा नकाशा

भुसावळहून इटारसीकडे जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी बऱ्हाणपूर ओलांडले असेल. १९८६ साली याच स्थानकावरून शेरू नावाचा पाच वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. थोरल्या भावाची वाट पाहता पाहता तो एका रिकाम्या डब्यात झोपी गेला. जागा झाला तो धावत्या गाडीत. ती गाडी थांबली सुमारे दीड हजार किलोमीटरांवर, कलकत्त्यास. पुढे १९८७ मध्ये टास्मानियातील ब्रिअर्ली दांपत्याने त्यास दत्तक घेतले. या सरू ब्रिअर्लीच्या आत्मकथनावरून गार्थ डेव्हिस यांनी २०१६ साली ‘लायन’ हा चित्रपट काढला. त्याच्या आधाराने यंत्र आणि रक्ताचे नाते यांचा थोडा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

ताटातूट आगगाडीने केली हे उघडच आहे. पण आमच्या मते मुलगा खरा हरवला तो नावामुळे. खंडव्यातील ‘गणेश तलाई’ ही त्याची वस्ती. तिचे नाव त्याच्या बोबड्या तोंडी ओळखू येईनासे झाले होते. कलकत्त्यात बंगाली, याच्या तोंडी हिंदी. आईचे नाव विचारले, तर एवढे मूल ‘आई’ याखेरीज काय सांगणार? पोलिसांचे दप्तर काय, टपाल काय, नकाशा काय, सारा कारभार नावावर चालतो. नाव चुकले की मनुष्य कोठलाच राहत नाही.

२००५ मध्ये आलेल्या गूगल अर्थने हा क्रम उलटा केला. उपग्रहांतून व विमानांतून घेतलेली असंख्य छायाचित्रे जोडून त्यात पृथ्वीचा गोल उभा केलेला असतो. कागदी नकाशात नाव आधी, जागा मागून. येथे नाव ठाऊक नसले तरी जागा डोळ्यांनी धुंडाळता येते. सरूजवळ तेवढेच होते: स्थानकाजवळची पाण्याची टाकी, रुळांवरचा पूल अशी काही चित्रे. गाडीचा वेग आणि प्रवासाचे तास यांचा गुणाकार करून त्याने कलकत्त्याभोवती वर्तुळ कल्पिले, आणि एकेक लोहमार्ग तपासावयास घेतला. हिशेब मोठा शास्त्रशुद्ध दिसतो खरा. पण ते तास पाच वर्षांच्या मुलाने झोपेत नि रडण्यात घालवलेले! चित्रपटात तर हिशेब सोडून नकाशा सहज सरकवताना गाव दृष्टीस पडते.

चित्रपटाचा उत्तरार्ध रेंगाळतो असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तोच भाग मोलाचा वाटतो. एक आई शोधणारा हा तरुण दुसऱ्या आईपासून तो शोध लपवून ठेवतो, घरातल्या माणसांना टाळतो, रात्र रात्र यंत्रापुढे बसतो. दूरचे घर जवळ येत असता जवळचे घर दूर जाते. यात दोष यंत्राचा की मनातल्या अपराधी भावनेचा? दिग्दर्शकाने याचा निवाडा दिलेला नाही, हे बरेच केले.

२०११ मध्ये स्थानक सापडले. २०१२ मध्ये सरू खंडव्यास गेला. जुने घर ओस पडले होते. परंतु मुलगा परत येईल या आशेने आईने ती वस्ती सोडली नव्हती. ती जवळच राहत होती. ती दूर कोठे निघून गेली असती, तर आकाशातून घेतलेल्या छायाचित्राने फक्त एक कुलूप दाखवले असते. जो भाऊ त्यास बऱ्हाणपूरला घेऊन गेला होता, तो त्याच सुमारास रुळांवर मरण पावला, हेही तेथेच कळले.

आणि स्वतःचे नावही. ‘सरू’ म्हणून पंचवीस वर्षे वावरलेला हा मनुष्य मुळात ‘शेरू’, म्हणजे सिंह. चित्रपटाच्या नावाचा उलगडा तो संपताना होतो, आणि मग पडद्यावर नट नव्हे, खऱ्याखुऱ्या दोन आया एकमेकींस भेटताना दिसतात.