संगीत कोणत्या रकान्यात लिहायचं?

शाळांच्या सामानाच्या सरकारी याद्या वाचण्याचा मला जुना नाद आहे. शाळेला काय द्यायचं ठरलं होतं ते यादीत असतं आणि त्यातलं काय आलं, काय मोडलं, काय निर्लेखित झालं ते डेडस्टॉक रजिस्टरात. प्राथमिक शाळेतलं संगीत या दोन कागदांच्या मधे कुठेतरी हरवलं आहे. ते शोधायला सोलापूर जिल्ह्यासारखी जागा नाही. एकीकडे पंढरपूर, दुसरीकडे अक्कलकोट. गणपतीत लेझमाचे डाव, संक्रांतीला सिद्धेश्वरांचे नंदीध्वज. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांतून भरणाऱ्या शाळा. कानावर इतकं पडत असताना वेळापत्रकात मात्र संगीताचा तास शोधावा लागतो.

सुरुवात एका यादीपासून करतो. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्याच वर्षी ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ सुरू झालं. आपल्याकडे ते खडू-फळा योजना म्हणून ओळखलं गेलं. कोणत्याही ऋतूत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक, एवढं बहुतेकांच्या लक्षात राहिलं. योजनेचा तिसरा भाग होता आवश्यक शैक्षणिक साहित्याचा, आणि त्याची यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. नकाशे, पृथ्वीगोल, भिंग, चुंबक, विज्ञानपेटी, छोटी अवजारपेटी, उड्या मारायची दोरी, चेंडू, टू-इन-वन (म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र), ग्रंथालयाची पुस्तकं, शाळेची घंटा. आणि घंटेच्या लगेच खाली वाद्यं: ढोलक किंवा तबला, हार्मोनियम, मंजिरा.

ज्या शाळेला दुसरी खोली नव्हती, तिच्या वाट्याला दिल्लीने पेटी लिहिली होती! ही यादी करणाऱ्या अनाम माणसाबद्दल मला आदर आहे. खडू, घंटा आणि पेटी त्याने एकाच पंगतीला बसवली. हार्मोनियमचं नाव घालणं त्या काळात तसं धीटपणाचंच होतं. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने या पेटीला बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पंडितांचा पेटीवरचा राग तेव्हाही पुरता गेला नव्हता.

यादीत एक गोष्ट मात्र नव्हती. वाद्यं वाजवणार कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे जिथे पेटी पोहोचली तिथे पुढे काय झालं, हे कुठल्याही जुन्या शाळेत विचारा. सामान हरवलं तर भरपाई गुरुजींच्या अंगावर, म्हणून पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. न वाजवलेल्या पेटीचा भाता उंदीर कुरतडतात, सूर बसतात, पट्ट्या अडकतात. रजिस्टरात मात्र ‘हार्मोनियम, नग १’ ही नोंद वर्षानुवर्षं सुरात असते.

आता २००९ चा शिक्षण हक्क कायदा घ्या. त्याच्या परिशिष्टात खोल्या, कामाचे दिवस, ग्रंथालय, खेळाचं साहित्य अशी कलमं आहेत. शैक्षणिक साहित्य ‘वर्गाच्या गरजेनुसार’ द्यायचं आहे. वाद्याचं नाव नाही. कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी काही नाही. गळा आणि कान ज्या वयात सर्वांत लवचीक असतात, नेमकं तेच वय कायद्याने सोडून दिलं. १९८७ च्या यादीत वाद्यं होती आणि माणूस नव्हता. २००९ मध्ये वाद्यांचं नावही गेलं आणि माणूस आला तो सहावीपासून.

पण सगळं खापर सरकारवर फोडून चालणार नाही. संगीत मुलांपर्यंत न्यायचं म्हणजे छापील पुस्तक द्यायचं, हे आपल्या थोरांनीच ठरवलं. बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली आणि मराठी-गुजरातीतून स्वरलिपीसह पुस्तकं लिहिली. महाराष्ट्राने या माणसाला जवळजवळ विसरून टाकलं. पुढे १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केलं, स्वतःचा छापखाना घातला आणि लहान मुलांसाठीही पुस्तिका काढल्या. तिकडे मुंबईत पेशाने वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करत होते. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग झाले. इथवरचं वाचकांना ठाऊक असतं. पण पलुस्कर आणि भातखंडे यांच्यातल्या मतभेदांचा जो भाग प्राथमिक शाळेच्या मुळावर आला, तो फारसा सांगितला जात नाही. तो म्हणजे लिपीचा.

दोन्ही पद्धतींची पुस्तकं शेजारी उघडून ठेवा. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला, म्हणजे वरचा. पलुस्करांच्या लिपीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, म्हणजे खालचा. डोक्यावरची उभी रेघ एकीकडे मध्यम तीव्र करते, तर दुसरीकडे तार सप्तक दाखवते. शून्य भातखंड्यांकडे तालातल्या ‘खाली’ची खूण, पलुस्करांकडे ते स्वराखाली आलं की अर्धी मात्रा. सम एकाकडे फुलीने, दुसऱ्याकडे १ ने. दोघेही विष्णु, दोघेही मराठी, दोघांनीही हयात संगीत सर्वांपर्यंत न्यायला वेचली, आणि एकाचं टिंब गळा वर न्यायला सांगतं तिथे दुसऱ्याचं खाली आणायला! आजही दोन्ही लिप्यांची तुलना हा संगीताच्या परीक्षांतला हमखास प्रश्न आहे. त्यावर गुण मिळतात; गाणं येत नाही.

आता हेच पुस्तक दुसरीतल्या मुलापुढे धरा. ते नुकतंच अनुस्वार शिकलंय. ‘सा’वर टिंब दिसलं की ते ‘सां’ वाचतं, ‘नि’वर दिसलं की ‘निं’. पलुस्करांची कोमल स्वराची खूण पाय मोडल्यासारखी असते, म्हणून कोमल ‘ग’ त्याला अर्धा ‘ग’ वाटतो. बाईंनी काल शिकवलेल्या अक्षरओळखीशी ते इमानदार आहे. गोंधळ लिपीचा आहे. दोन्ही विष्णूंचं ऋण मान्य करूनही माझं मत स्पष्ट आहे. स्वरलिपी हे गाणं येणाऱ्याचं स्मरणसाधन आहे, प्राथमिक शाळेचं पहिलं साहित्य नव्हे.

हंगेरीत हाच प्रश्न झोल्तान कोदाय या संगीतकाराने उलट्या बाजूने सोडवला. खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीतं गोळा करायला त्याने १९०५ मध्ये सुरुवात केली. त्याच्या विचारांवर उभी राहिलेली पहिली संगीत प्राथमिक शाळा १९५० मध्ये केच्केमेत या त्याच्या जन्मगावी निघाली. क्रम असा: आधी आपल्याच बोलीतलं गाणं गळ्यात, मग ताल हातापायांत, मग स्वर हाताच्या खुणांनी, आणि कागद सर्वांत शेवटी. हाताच्या खुणाही त्याच्या नव्हेत. त्या इंग्लंडच्या जॉन कर्वेनच्या, आणि कर्वेनची पद्धत उभी होती नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या कामावर. एका गावच्या बाईंची युक्ती दोन देश ओलांडून पद्धत झाली. आपल्याकडे अशा बाई झाल्याच नाहीत असं मी मानत नाही. त्यांच्या युक्त्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

आता सोलापूरच्या शाळेतलं दुसरं कपाट उघडू. पेटीचं नाही, खेळाच्या साहित्याचं. त्यात डंबेल्स असतात, घुंगूरकाठ्या असतात आणि लेझमी असतात. लेझीम म्हणजे हातभर लाकडी दांडा, त्याला धनुष्याच्या दोरीसारखी सैल लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या आणि मधोमध मूठ. एका हातात दांडा, दुसऱ्यात मूठ. साखळी ताणली की एक आवाज, मिटली की दुसरा. डाव चार आवाजांचे आणि आठ आवाजांचे. पहिल्या दिवशी चाळीस लेझमी चाळीस वेळा वाजतात. आठवड्याभरात त्या एकदम मिटू लागतात आणि मैदानावरून एकच ‘छन्’ येतो. त्या क्षणी मुलांना लय कळलेली असते आणि दुसऱ्याच्या ठोक्याला आपला ठोका जुळवणंही. आठ ठोक्यांचा डाव अंगात बसलेल्या मुलाला केरवा तालाच्या आठ मात्रा वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. फक्त नाव सांगायचं उरतं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात सांगलीकडच्या पथकाने लेझीम घुमवली तेव्हा देशाने तिला ‘लोकनृत्य’ म्हटलं. शाळेच्या रजिस्टरात ती शारीरिक शिक्षणाखाली आहे. संगीताखाली ती कुणीच लिहीत नाही.

लेझमाबरोबर हलगी लागते. ती बहुधा शाळेच्या मालकीची नसतेच. २६ जानेवारीला, गणपतीला वाजवणारा बाहेरून बोलावला जातो. डाव्या हाताशी धरलेली कडी, एक जाड आखूड टिपरू आणि एक लांब बारीक काडी. वाजवण्याआधी कागद-पाचोळा पेटवून चामडं शेकायचं, म्हणजे सूर चढतो. तापवल्यावर चामडं ताठ होतं, ताठ चामड्याचा आवाज उंच होतो. विज्ञान आणि संगीत यांचा याहून स्वस्त संयुक्त धडा मला माहीत नाही. पण हलगी वाजवणं ज्या जातींवर परंपरेने लादलं गेलं, त्या जातींमुळेच तिला शाळेच्या कपाटात जागा मिळाली नाही, हे बोलून टाकलेलं बरं. दिल्लीच्या यादीत तबला होता, हार्मोनियम होती. हलगी, डिमडी, संबळ नव्हते. अनेक शाळांत हलगीवाल्याचा मुलगा तिसरीच्या बाकावर बसलेला असतो आणि ‘शाळेत वाद्यं नाहीत’ असा अहवाल वर जातो.

आणखी शोधलं तर संगीत सगळीकडे सापडतं. परिपाठात प्रार्थना, समूहगीत आणि पसायदान आहे. बावन्न सेकंदांचं राष्ट्रगीत आहे, आणि २०२३ पासून सुमारे पावणेदोन मिनिटांचं राज्यगीतही. पण तो मूल्यशिक्षणाचा रकाना. कवितेला चाल लावली जाते, तो भाषेचा रकाना. आषाढीला टाळ-मृदंगासह मुलांची दिंडी निघते, तो उपक्रमाचा. ‘बालभारती’च्या ‘खेळू, करू, शिकू’मध्ये गायन-वादन आहे, पण खेळ आणि कार्यानुभव यांच्या शेजारी दाटीवाटीने. संगीत सगळ्यांच्या रकान्यात आहे, म्हणून ते कुणाच्याच जबाबदारीत नाही. सोलापुरात साहित्याची उणीव आहे असं मला वाटत नाही. उणीव आहे ती त्याला संगीत म्हणण्याची.

याच जिल्ह्याने एक उत्तर देऊनही टाकलंय. आपण ते नीट वाचलेलं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस आणि त्यातला निम्मा वाटा अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देण्याचा त्यांचा निर्णय, याची बातमी घरोघर पोहोचली. क्यूआर कोडचं कौतुकही झालं. २०१७ मध्ये राज्याने तो सर्व इयत्तांच्या पुस्तकांत आणण्याचं जाहीर केलं होतं. पण त्या कोडमागे काय होतं? त्यांच्या कामाच्या परिचयात जी यादी येते तिच्यात पहिलं नाव आहे ध्वनिमुद्रित कवितांचं; व्हिडिओ पाठ, गोष्टी, स्वाध्याय त्यानंतर. छापील पानाला आवाज फुटावा, हे मौलाबक्षांपासूनचं स्वप्न माढा तालुक्यात साधं होऊन आलं. वर टिंब की खाली, हा वादच मिटला. मूल ऐकतं आणि म्हणतं. १९८७ च्या यादीतल्या टू-इन-वनचंच हे पुढचं रूप, फक्त कॅसेट पुस्तकातच चिकटवलेली.

तरी एक धोका आहे. एकच ध्वनिमुद्रण राज्यभर वाजलं की कवितेची एकच चाल उरते. अक्कलकोटच्या कन्नड घरातल्या मुलीची, सोलापूरच्या तेलुगू विणकराच्या मुलाची चाल कुठे जाणार? शिवाय फोन ऐकवतो, ऐकून घेत नाही. मुलाचा सूर घसरला तर त्याला हात धरून वर आणायला माणूसच लागतो. म्हणून कोडमागे गावचाच आवाज भरावा: आजीची जात्यावरची ओवी, हलगीवाल्याचे ठेके, सांगोल्याकडची धनगरी ओवी. ध्वनिमुद्रणाला आता फोन पुरतो.

हे कुणी करायचं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. वाचकांपैकी अनेकांची मुलं, नातवंडं, भाचे-पुतणे या शाळांत आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत तीन ओळी आराखड्यात लिहायला सांगा: पेटीची दुरुस्ती, शाळेच्या मालकीची एक हलगी, आणि गावातल्या वाजवणाऱ्याला मानधन देऊन आठवड्याचा एक तास. आणि रजिस्टरात लेझमांची नोंद करताना रकान्यात ‘शारीरिक शिक्षण’च्या पुढे ‘व संगीत’ एवढे दोन शब्द वाढवा. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.