एम.एस्सी.ला पुण्यात नंबर लागला, पण मुलगी राहणार कुठे?

बी.एस्सी.चा निकाल लागला की दरवर्षी आपल्या तालुक्याच्या गावी एकच चर्चा ऐकू येते. गुण चांगले, प्रवेश परीक्षा पास, पुणे विद्यापीठात नंबर लागलेला, आणि मग घरात प्रश्न येतो, "राहायचं कुठे?" मुलगा असेल तर "बघेल काहीतरी" म्हणून वेळ निघून जाते. मुलगी असेल तर पुष्कळदा तिथेच शिक्षण थांबतं. फी परवडत नाही म्हणून नाही, तर राहण्याचं धड उत्तर सापडलं नाही म्हणून. त्यामुळे हा विषय आपण प्रवेश अर्ज भरतानाच घ्यायला हवा, नंबर लागल्यावर नव्हे.

पहिली गोष्ट, 'पुणे विद्यापीठ' म्हणजे एकच पत्ता नाही. विद्यापीठाचे स्वतःचे विभाग गणेशखिंडीच्या आवारात आहेत. पण पदव्युत्तर वर्ग फर्ग्युसन, स. प., गरवारे अशा महाविद्यालयांतही चालतात, आणि ती शहराच्या दुसऱ्या भागात आहेत. शिवाय या विद्यापीठाच्या कक्षेत पुण्याबरोबर नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हेही येतात. तिथल्या महाविद्यालयात एम.एस्सी. केली तरी पदवी याच विद्यापीठाची. घरापासून जवळ असेल आणि विभाग चांगला असेल तर हा पर्याय कमीपणाचा मानू नये. फक्त प्रयोगशाळा कशी आहे आणि शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, हे आधी विचारून घ्यावं.

पुण्यातच जायचं ठरलं तर अर्ज आधी वसतिगृहाचा. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा कमी आणि मागणारे जास्त असतात. यादीही बहुधा वर्ग सुरू झाल्यावर लागते. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि तो भरणं फार महत्त्वाचं आहे. कारण अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ही पात्र असूनही त्या वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये आहे: भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नसावा. आदिवासी मुलांसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. मात्र हिशेब नीट करा. निवासाचे 20,000 म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा पडत नाहीत, आणि पैसे नंतर खात्यात येतात. डिपॉझिट भरायच्या दिवशी ते हातात नसतात.

विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थाही पुण्यात आहेत. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी 1955 पासून ती काम करते. (राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात 1901 पासून वसतिगृहं का काढली, हे आपण वर्गात शिकवतो. गावाकडच्या मुलाची अडचण तेव्हाही हीच होती.)

वसतिगृह नाही मिळालं तर पुढचं नाव निघतं ते नातेवाइकांचं. "मामा आहे की हडपसरला!" यावर मी पालकांना स्पष्टच सांगते. आठ-पंधरा दिवस मामाकडे जरूर राहावं, दोन वर्षांचा विचार मात्र दहा वेळा करावा. हडपसर शहराच्या पूर्वेला, विद्यापीठ वायव्येला. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास धरला आणि महिन्याचे 24 दिवस मोजले तर 60 तास बसमध्ये गेले. त्यात मामाचं घर दोन खोल्यांचं. टीव्ही हॉलमध्ये आणि अभ्यासही हॉलमध्ये. मुलगी असेल तर संध्याकाळच्या पोळ्या तिच्याकडे येणारच. कोणी वाईट म्हणून नव्हे, घरात राहते म्हणून. तिला नाही म्हणता येत नाही आणि घरी सांगताही येत नाही. पैसे वाचतात हे खरं, पण ते तिच्या अभ्यासाच्या वेळेतून वाचतात.

राहता राहिली भाड्याची जागा. पुण्यात विद्यार्थ्यांना ती बहुधा 'कॉट बेसिस'वर मिळते, म्हणजे खोलीतली एक कॉट, एक कपाट, बाकी सगळं सामाईक. औंध, बाणेर विद्यापीठाला जवळ पण महाग. मुळेच्या पलीकडे सांगवी, पिंपळे गुरव किंवा या बाजूला खडकी, बोपोडी तुलनेने परवडतात. भाडं पाहताना नुसता आकडा बघू नका. समजा जवळची जागा 5,500 आणि लांबची 3,800. फरक 1,700 चा. त्यातून बसचा पास वजा करा, उशीर झाला की होणारी रिक्षा वजा करा, मग उरतं किती ते पाहा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: गेट किती वाजता बंद होतं? रसायनशास्त्राच्या मुलीला प्रोजेक्टच्या सत्रात लॅबमध्ये उशीर होतो. साडेआठला कुलूप लागणारी जागा घरच्यांना सुरक्षित वाटते. पण साडेआठ गाठायला ती प्रयोग अर्धा टाकून अंधारात धावत येणार असेल तर त्याला सुरक्षित कसं म्हणायचं? विद्यापीठापासून चालत येण्याचा उजेडाचा रस्ता आणि सोबत राहणारी त्याच विभागातली एखादी मुलगी, या दोन गोष्टी मी कुलपाच्या वर धरीन.

मेसचंही तसंच. पहिल्या आठवड्यात महिन्याचे पैसे भरू नयेत, सुटं जेवून बघावं. खाडे धरतात का, किती दिवस सलग गेलं तर धरतात, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, हे विचारावं. दिवाळीला पंधरा दिवस गावी गेल्यावर याचा फरक कळतो.

व्यवहार फोटो बघून करू नका. 'आजच टोकन टाका, नाहीतर जागा जाईल' असा फोन आला तर जाऊ द्या ती जागा. वर्ग सुरू झाले की सीनियर मुलं-मुलीच रिकाम्या कॉट सांगतात. यादी लागायची बाकी असताना अकरा महिन्यांत अडकूही नका. महिन्याच्या बोलीवरची जागा मिळते का बघा. अख्खा फ्लॅट मिळून घेतलात तर करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात वाचून घ्या. डिपॉझिट शक्यतो बँकेतून द्या, रोख दिलं तर पावती मागा, आणि सामान लावायच्या आधी भिंती, नळ, पंखा यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.