प्रोस्टेटचा कर्करोग : लपवू नका, घाबरून घाईही करू नका



पन्नाशी-साठी ओलांडली की अनेकांना रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. धार बारीक होते, लघवी होऊनही मोकळे वाटत नाही. माणूस म्हणतो, "वयच झालं, चालायचंच." त्यातून मोटारीला रात्रीची लाईट असली की तो तसाही जागाच असतो. त्यामुळे घरातही कोणाच्या ध्यानात येत नाही. बैलाने एक दिवस वैरण टाकली तर लगेच जनावरांचा डॉक्टर बोलावणारा आपला शेतकरी स्वतःचे हे दुखणे मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढतो. जागा लाजेची, म्हणून बायकोलाही सांगत नाही.

त्रास म्हणजे कर्करोगच नव्हे

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली लहानशी ग्रंथी. वयोमानाने ती वाढते व लघवीची वाट दाबते. बहुतेकांची ही वाढ साधी असते आणि ती औषधाने किंवा लहान शस्त्रक्रियेने आटोक्यात येते. कर्करोग सुरुवातीला बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून त्रास सुरू झाला की तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला आहे, त्यांनी त्रास नसला तरी डॉक्टरांशी बोलावे.

डॉक्टर बोटाने ग्रंथी तपासतात आणि रक्ताची पीएसए नावाची तपासणी सांगतात. साध्या सुजेनेही पीएसए वाढतो. एका कांड्याचा ब्रिक्स पाहून आपण सगळ्या फडाची तोड ठरवत नाही, तसेच एकट्या पीएसएवरून कर्करोग ठरत नाही. ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. "सुई टोचली की रोग पसरतो" असे पारावर बोलले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये.

उपचार कसा निवडावा?

रोग ग्रंथीतच आहे की हाडांपर्यंत गेला आहे, आणि त्याची जात संथ आहे की आक्रमक, या दोन गोष्टींवर उपचार ठरतो. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा.

रोग ग्रंथीतच असेल तर मार्ग तीन : ठरावीक काळाने तपासण्या करत लक्ष ठेवणे, शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे, किंवा किरणोपचार, म्हणजे आपल्या भाषेत 'शेक'. इंग्लंडमधील डॉक्टरांनी लवकर सापडलेल्या १,६४३ रुग्णांची या तीन मार्गांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. १५ वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत मिळून या रोगाने दगावलेले शंभरात तीनच निघाले. नुसते लक्ष ठेवलेल्यांत रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण दुप्पट होते, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुढे शस्त्रक्रिया किंवा शेक घ्यावाच लागला. उलट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साधारण पाचात एकाला पुढेही अनेक वर्षे लघवी गळत असल्याने पॅड वापरावे लागत होते. शेकात हा त्रास कमी, पण शौचाच्या तक्रारी जास्त. शारीरिक संबंधाच्या शक्तीवर दोन्हींचा परिणाम होतो.

बंधूंनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. रोग लवकर सापडला असेल तर विचाराला काही आठवडे खुशाल घ्यावेत. त्याच दिवशी जमीन गहाण टाकण्याची गरज नाही. पुढे कोणत्या त्रासासह आपण जगू शकू, हे डॉक्टर एकटे ठरवू शकत नाहीत. ते रुग्णाने, पत्नीला जवळ बसवून, ठरवायचे असते. रोग आक्रमक असेल तर मात्र महिनोन् महिने घालवू नयेत.

रोग पसरला असेल तर

हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे दाखवून दिले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन. दुसरा, लहान शस्त्रक्रियेने अंडकोषातील ग्रंथी काढणे. दुसऱ्याला खर्च एकदाच, पण ते पुन्हा फिरवता येत नाही. 'खच्ची' या शब्दाचा धसका घेऊन कित्येक जण दवाखान्यातून उठून येतात. परिणाम दोन्हींचा सारखाच आहे, आणि त्याने माणसाची किंमत कमी होत नाही. परंतु काय काढणार हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. मुलांनी परस्पर सही करू नये. याच्या जोडीला आता अबिराटेरोनसारख्या गोळ्याही मिळतात. रोग समूळ जात नसला तरी अनेक जण कित्येक वर्षे चांगले जगतात.

पाठ-कंबर सतत दुखत असेल आणि पायातले बळ अचानक गेले, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

उपचारानंतर

शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दोन आठवडे नळी असते. ती काढल्यावर लघवी गळते, यात घाबरण्यासारखे काही नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, त्यांचा व्यायाम डॉक्टरांना विचारून रोज करावा. बहुतेकांना काही महिन्यांत ते वर्षभरात आराम पडतो. सहा आठवडे उसाची मोळी, खताचे पोते, पाठीवरचा फवारणी पंप उचलू नये. आपला ऊस तोडीला येणार असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाकडे काम सोपवावे.

इंजेक्शन चालू असता अंगातून वाफा निघतात, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात. रोज चालावे, दूध घ्यावे, तंबाखू सोडावी. बरे वाटले म्हणून पीएसएची तपासणी कधीही चुकवू नये.

कुठे जावे, खर्च कसा भागवावा?

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. मुंबईत परळला टाटा रुग्णालय, तेही १९४१ सालीच सुरू झालेले. परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने सकाळी मुंबई गाठता येते. शेक आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा महिना-दीड महिना चालतो, म्हणून राहण्याची सोय आधी पाहावी. टाटाच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती, ती आता ५ लाख आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे, मगच पैशाची जुळवाजुळव करावी.

शरद पवार यांनी २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे लोकांसमोर ते उघडपणे सांगितले. तोंडाच्या रोगाबद्दल आपण आता बोलतो. या रोगाबद्दलही घरात, पारावर, उसाच्या काट्यावर नंबर लागेपर्यंत बोलले पाहिजे. साठीतल्या सभासदांनी हा अंक वाचून झाल्यावर घरात मुलाच्या हाती द्यावा, आणि त्रास असल्यास याच आठवड्यात तपासून घ्यावे, ही आग्रहाची विनंती.