जमिनीवरील एकच कर : माप कोणतें?

राज्याचा सारा खर्च जमिनीवरील एकाच करांतून भागवावा व इतर सर्व कर उठवावे, हें मत ऐकतांच शेतकऱ्यास धडकी भरते. सगळें ओझें आपल्याच पाठीवर येणार, असें त्यास वाटतें. परंतु या मताचा अमेरिकन पुरस्कर्ता हेन्री जॉर्ज यानें १८७९ सालच्या आपल्या ग्रंथांत जमीन व मेहनत यांत स्पष्ट भेद केला आहे. विहीर, बांध-ताली, घर, पीक हें श्रमाचें फळ. त्यावर कर नको. कर केवळ मोकळ्या जमिनीच्या मोलावर. स्टेशनाजवळची पडीक जागा धन्यानें कुदळ न लावतांही महाग होते. ती वाढ समाजामुळें झाली, म्हणून समाजानें घ्यावी.

तत्त्व न्यायाचें आहे. अडचण आहे ती मापाची. मुलकी दप्तरांत आम्हीं आयुष्य घालविलें, त्यावरून सांगतों कीं, जमिनीचा अंगचा कस किती व कुणब्याच्या घामाचा वांटा किती, हें ठरविणाराच्या हातीं सगळा निकाल असतो.

आपल्या दख्खनचाच इतिहास पाहावा. रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांतास अनुसरून प्रिंगलसाहेबांनीं १८३० च्या सुमारास पुणें प्रांतांत खर्च वजा जातां उरणाऱ्या उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारचे ठरविले. कागदावर हिशेब चोख होता. पण उत्पन्नाचे अंदाज चुकले, हाताखालच्या नोकरांनीं लबाडी केली, धान्याचे भाव उतरले आणि रयत जमिनी टाकून गेली. पुढें १८३५ पासून इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मातीचा रंग व खोली पाहून प्रतबंदी केली. बाजाराचें अंतर व मागील वसूल पाहून ३० वर्षांसाठीं दर बांधले. माप ढोबळ होतें, पण रयतेस पडताळतां येत होतें. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्याच महसूल कायद्यानेंही, खातेदारानें स्वखर्चानें केलेल्या सुधारणेबद्दल फेरआकारणींत वाढ करूं नये, असें म्हटलें होतें.

तरीही १९२७ सालीं बारडोलींत खंडाच्या आंकड्यांवरून सुमारें शेंकडा २२ वाढ बसविण्यांत आली. १९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनीं चौकशी केली, तेव्हां ते आंकडेच भरंवशाचे नाहींत असें दिसून आलें. वाढ शेंकडा ६ वर आली. कायदा चांगला असूनही माप खोटें, तर काय होतें तें यावरून कळेल.

उलट डेन्मार्कमध्यें १९०२ सालीं कोगे येथें लहान शेतकऱ्यांच्या संघांनीं आपण होऊन हा कर मागितला. मालावरील कर गरिबास अधिक जाचतात, आणि आपल्यापाशीं जमीन थोडी व मेहनत पुष्कळ, असा त्यांचा हिशेब होता. तेथें जमिनीचें मोल इमारतींपासून वेगळें काढलें गेलें आणि १९२२ व १९२६ सालीं कायदे झाले. मात्र इतर कर उठले नाहींत.

तेव्हां कर एक असो वा अनेक, शेतकऱ्यानें तीन प्रश्न विचारावे. मोल कशावरून काढलें? माझ्या श्रमाचा वांटा वजा केला काय? तो हिशेब मला तपासतां येतो काय? आणि विहिरीची नोंद सातबाऱ्यावर करून, खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्या. वादाच्या दिवशीं भाषणापेक्षां कागद उपयोगी पडतो.