कल्याणची आनंदी अमेरिकेत तीन वर्षं राहिली कशी? डॉक्टरकीच्या डिग्रीमागची खोली, साडी आणि जेवणाची गोष्ट

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, 'आमचा मुलगा ऑनसाइट गेलाय' असं सांगणारं एखादं घर सापडतंच. दोन-तीन वर्षांचं काम, मग परत. निघण्याआधी चर्चा असते ती व्हिसाची आणि पगाराची. तिकडे पोहोचल्यावर मात्र वेगळेच प्रश्न छळतात. थंडीत घर गरम कसं ठेवायचं? भाजी कुठे मिळते? मुलांच्या डब्यात काय द्यायचं? अडीनडीला दार कुणाचं वाजवायचं?

१४० वर्षांपूर्वी कल्याणची एक मुलगी याच प्रश्नांना तोंड देत होती. वय अवघं १८. नाव आनंदीबाई जोशी.

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. २०१९ साली त्यांच्यावर मराठीत सिनेमाही आला. पण परक्या देशात त्या रोजचे दिवस कसे काढत होत्या, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या आयुष्याचा शेवट समजून घ्यायचा तर मात्र तेच बघावं लागतं.

आधी माणूस शोधलं, मग देश

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणमध्ये त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी. गोपाळराव वयाने सुमारे २० वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे त्यांच्या मनात राहिलं. डॉक्टर होण्याचं त्यांनी तिथेच ठरवलं, असं सांगतात.

बायकोला अमेरिकेत शिकवता येईल का, असं विचारणारं पत्र गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं होतं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावात राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे गेल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं, उत्तर आलं, आणि पत्रांचा सिलसिला सुरू झाला. एकमेकींना न बघताच आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या.

म्हणजे जाण्याआधीच तिकडे हक्काचं एक दार तयार झालं होतं. आज एखादं कुटुंब निघण्याआधी तिथल्या महाराष्ट्र मंडळात ओळख काढतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की तेव्हा अमेरिकेत मंडळ तर सोडाच, मराठी शेजारीही नव्हता.

नवरा मागे, बायको पुढे

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती, अडचण पैशांची आणि नोकरीची होती. आजच्या भाषेत सांगायचं, तर संधी बायकोची आणि नवरा 'डिपेंडंट', तोही मागे राहिलेला. गोपाळराव अमेरिकेत पोहोचले ते पुढे काही काळाने.

जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, बोट न्यूयॉर्कला लागली. कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या. पुढचा सगळा उन्हाळा आनंदीबाई रोझेलमध्ये त्यांच्या कुटुंबात राहिल्या.

हे रोझेल साधंसुधं गाव नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत थॉमस एडिसनने खांबांवरून तारा ओढून गावात विजेचे दिवे लावले होते. अशा पद्धतीने उजळलेलं ते जगातलं पहिलं गाव मानलं जातं. याच एडिसनचं नाव जवळच्या ज्या वस्तीला मिळालं, तिथे आज मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. ऑनसाइटवाल्यांच्या तोंडी असलेलं 'एडिसन' ते हेच.

नऊवारीचं काय करायचं?

निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केलं होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी जाहीर सांगितलं होतं. समुद्र ओलांडणाऱ्याला तेव्हा वाळीत टाकत. त्यामुळे अमेरिकेत त्या काय खातात आणि काय नेसतात, याकडे इथल्या लोकांचं लक्ष होतं. परत आल्यावर घरात घेतील की नाही, हेच त्यावर ठरणार होतं.

पहिली अडचण साडीची झाली. नऊवारी काष्टा घालून नेसतात. तिच्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि आत उबदार कपडे घालायला वाव नसतो. कल्याणच्या हवेत ते चालतं, बर्फात नाही. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला. गाऊन घातला नाही, पण साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. पाय पूर्ण झाकले गेले आणि साडीही सुटली नाही. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबत आनंदीबाई साडीत बसलेल्या दिसतात. तिघी एकाच कॉलेजात शिकत होत्या.

एवढ्याशा बदलाचाही खुलासा त्यांना गोपाळरावांना पत्रातून करावा लागला. गोपाळराव पत्रांतून कधी धीर द्यायचे, तर कधी टोचून लिहायचे. पत्र बोटीने जायचं, त्यामुळे रागाचं पत्र आलं तर त्यावरचं उत्तर पोहोचायला कित्येक आठवडे लागायचे.

घर सुटलं आणि तब्येत बिघडली

रोझेलमध्ये घर होतं, माणसं होती, मायेने चौकशी करणारी मावशी होती. पण कॉलेज फिलाडेल्फियात होतं. १८८३ च्या ऑक्टोबरात आनंदीबाईंनी तिथल्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना मायेने वागवलं. तरी रोजचं जगणं आता एकटीने निभवायचं होतं.

खोली थंड होती आणि शेकोटी नीट नव्हती. पेटवली की धूर कोंडायचा, नाही पेटवली की गारठायला व्हायचं. आनंदीबाई शाकाहारी. तिकडच्या खानावळीत त्यांना चालेल असं फार काही मिळत नसे, आणि अभ्यास, तास, दवाखाना सांभाळून स्वतःचं जेवण रांधायचं म्हणजे तारेवरची कसरत. कधी अर्धपोटी, कधी नुसत्याच कशावर तरी दिवस जायचा. तब्येत भारतात असतानाच नाजूक होती. ती तिथे खालावत गेली आणि पुढे क्षयाने गाठलं.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. आज त्याच हॉस्पिटलला लोक सीपीआर म्हणून ओळखतात.

१८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईत उतरल्या. कोल्हापूरला रुजू होणं काही झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावा वाढदिवस अवघ्या महिन्याभरावर होता.

क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. त्यामुळे चांगली खोली मिळाली असती तर त्या वाचल्या असत्या, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण थंडी, धूर आणि उपासमार यांनी आधीच अशक्त असलेल्या शरीराला झुंजायला बळ उरू दिलं नाही, हे उघड आहे.

आज काय बदललंय?

खूप काही. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर दिवसा घर किमान ६८ अंशांवर, म्हणजे २० अंश सेल्सिअसवर, ठेवणं घरमालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे. तूरडाळ आणि गोडा मसाला मिळणारी दुकानं आहेत. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करतंय. आईला व्हिडिओ कॉल लावायला एक मिनिट पुरतं.

काही गोष्टी मात्र तशाच आहेत. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा मिळतो आणि त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी साधारणपणे ग्रीन कार्डची प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असावी लागते. म्हणजे दोन-तीन वर्षांसाठी गेलेल्या जोडप्यातला एक जण दिवसभर कामावर आणि दुसरा अनोळखी गावात घरात. कमावत्याचे दिवस ऑफिसात सरतात. घरात राहिलेल्याला माणसं शोधावी लागतात, ती सापडली तर संसार रुळतो.

म्हणूनच ऑफर लेटर हातात आल्यावर पगाराच्या आकड्यासोबत आणखी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. घर गरम ठेवायची सोय काय, किराणा चालत जाऊन आणता येतो का, जोडीदाराच्या व्हिसावर काय करता येतं, आणि आजारपणात हाक मारता येईल असं जवळ कोण आहे.

आनंदीबाईंकडे यातलं शेवटचं उत्तर होतं. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्या घरच्या माणसांशेजारी, कल्याणच्या या लेकीला जागा मिळाली. पत्रातून मानलेल्या मावशीने नातं शेवटपर्यंत निभावलं.